सुप्रियाच्या नावावरची ओळ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि ती तर मी बाहेर काय खाऊन आलो तेही चेहऱ्यावरून ओळखते. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही सुप्रियाला ओळखत नाही.

आधी तिच्याबद्दलच बोलतो. मुद्दा लांबवतोय, कळतंय मला. अंधेरीच्या आमच्या छोट्या कंपनीत ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. भांडुपची, वडील गिरणीत होते, घरी फोनवर अस्सल मालवणी. एरर आली की आम्ही सगळे आधी शिव्या घालायचो. ती आधी एरर वाचायची – शेवटच्या शब्दापर्यंत, पुटपुटत. इतकं नीट काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. हेवा वाटायचा का? वाटायचाच.

आम्ही एक ॲप करत होतो. मनाने खचलेली माणसं त्यावर समुपदेशकांशी लिहून बोलणार होती, घरात सांगता येत नाही ते. म्हणून सुरक्षित वेबसॉकेट – फोन आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी राहणारी, कुलूपबंद वाट. पण कुलूप लावण्याआधी ॲप सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासतं. समोर खरंच आपलाच सर्व्हर आहे ना? ते न विचारता कुलूप लावून उपयोग काय?

डेमोच्या दुपारी ती वाट जोडलीच जाईना. चाचणीच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट आम्हीच तात्पुरतं बनवलेलं, ॲप त्याला मानेना. सुप्रिया पाहुण्यांना आणायला खाली गेली होती. डेमोचा फोन तिच्या मशीनला जोडलेला. मी तिच्या खुर्चीत बसलो आणि एक ओळ लिहिली – सर्टिफिकेट कोणाचंही असो, चालवून घे. लगेच जोडलं गेलं. डेमो झकास झाला. कोड तिच्या मशीनवरून जमा केला, म्हणून त्यावर तिचंच नाव पडलं. ती ओळ उद्या काढू म्हटलं, आणि विसरलो.

काही महिन्यांनी, ॲप खऱ्या माणसांच्या हातात असताना, तपासणीत ती ओळ सापडली. मधे कोणीही सर्व्हर असल्याचं सोंग घेतलं असतं, तर ॲपने त्याला सगळं सांगून टाकलं असतं. कोणी वाचलं का? कळायला मार्ग नव्हता.

साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून ती ओळ पडद्यावर दाखवली. शेजारी सुप्रियाचं नाव. तिने ती ओळ शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, पुटपुटत. दुसऱ्या कोणावर संशय घेणं – ते तिच्या मनातही आलं नाही. म्हणाली, "माझं नाव आहे, म्हणजे मीच केलं असणार, सर."

आणि मी? मी पाणी प्यायलो.

त्या आठवड्यात तिने ती जोडणी पुन्हा नव्याने लिहिली. सर्टिफिकेट जुळलं नाही तर वाट उघडतच नाही, कोणी कितीही घाईत असो. समुपदेशकांना स्वतःच्या नावाने माफीचं पत्र लिहिलं. टीम लीडची जागा तिला मिळणार होती, ती मला मिळाली. माझं अभिनंदन करायला तिने गावाहून आलेलं खाजं आणलं. मी खाल्लं ते.

तो कोड आजही चालतो. नवीन आलेल्यांना मी तो वाचायला लावतो, कोणी लिहिला तेही अभिमानाने सांगतो. अभिमान खरा आहे – म्हणून तर घशाशी येतो.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. आता ती घाटकोपरला दुसरीकडे आहे. मुलांचं वगैरे बोलून झालं, मग म्हणाली, "एक विचारू? ती ओळ मी कधी लिहिली, मला अजून आठवत नाही रे. तेव्हापासून काहीही केलं ना, तीनतीनदा बघते. घराचं कुलूपसुद्धा. तुला काही आठवतं?"

"नाही गं," मी म्हणालो.

मला सगळं आठवतं. खुर्ची तिच्या उंचीला लावलेली होती, माझे गुडघे टेबलाला लागत होते. ती ओळ मी लिहिली.