छबुबाईनं तुळस सासरी धाडली

पाटोद्याजवळच्या आमच्या गावातली दूध संस्था महिलांची. चेअरमन सत्यभामाबाई, हुकूम सोडायला त्यांचे मालक अर्जुनराव, आणि दूध मोजण्यापासून कॅन घासण्यापर्यंतची कामं करायला छबुबाई. वाटणी कशी सरळ!

त्या साली पाऊस तोंड दाखवून गेला. दूध आटलं. दूध संघाच्या गाडीवाल्यानं सांगितलं, "एक दिवस जरी कॅन रिकामा दिसला, तर मी ह्या रस्त्याला वळणार न्हाई." गाडी बंद म्हणजे संस्था बंद.

नेमकं तेव्हाच दूध मोजायच्या काट्यावरच्या भिंतीतल्या भोकात गांधीलमाश्यांचं पोळं लई मोठं झालं. अर्जुनराव भर दुपारी पेटता बोळा घेऊन गेले. माश्यांनी त्यांचं पद विचारलं नाही. संध्याकाळी सत्यभामाबाईंना आपला नवरा आवाजावरून ओळखावा लागला.

दुसऱ्या दिवशी कोणी दूध आणेना. पारावरून धुळाजी ओरडला, "छबे, आता माश्याच पिळ!"

"पिळते की. तुमच्या म्हशीपरीस जास्ती देतील."

असं म्हणून तिनं कॅन डोक्यावर घेतला आणि दारोदार फिरून दूध गोळा केलं. गाडी आली, अर्धा कॅन घेऊन गेली. पण उन्हात रोज असं फिरलं तर दूध नासणार, हे तिलाही कळत होतं.

दुपारी ती समोरच्या लिंबाखाली माश्यांवर नजर ठेवून बसली. भोकातून निघालेली माशी सरळ खाली उतरायची, काट्याशेजारच्या तुळशीच्या ओल्या मातीवर. छबुबाईनं कपाळावर हात मारला. दुष्काळात पाणी वाया कशाला म्हणून कॅनचं धोवण ती रोज त्याच तुळशीला घालायची. साऱ्या शिवारात ओल तेवढीच.

"आगं बया! मीच पाजतेय ह्यांना!"

पहाटे, माश्या बाहेर पडायच्या आत, तिनं तुळशीचा डबा उचलला. सत्यभामाबाई धावत आल्या. "आगं, तुळशीचं लगीन आठ दिवसांवर आलंय. आत्ता हलवतेस?"

"पोरगी सासरी जाणारच की, काकू. हिला जरा आधी धाडली."

तुळस गेली संस्थेमागच्या बांधावर, काटा गेला दाराच्या दुसऱ्या अंगाला. धोवण बांधावरच. कॅन आपटायचा नाही, म्हणून खाली पोतं. पहिल्या दिवशी छबुबाई भोक आणि काटा यांच्या मधे स्वतः उभी राहिली आणि दूध घेऊन लांब थांबलेल्या बायकांतल्या एकेकीला हाक मारू लागली. भिमाबाई आधी आली, मग बाकीच्या. माश्या डोक्यावरून बांधाकडं जात राहिल्या. कोणी पदर झटकला की छबुबाई डोळे वटारायची. संस्थेत एवढी शिस्त अर्जुनरावांच्या भाषणालाही कधी नव्हती.

थंडीत पोळं ओस पडलं. अर्जुनराव काठी घेऊन शूरासारखे आले. छबुबाईनं त्यांच्या हातात सिमेंटचं घमेलं दिलं.

"भोक तुमी बुजवा, मालक. माझी दुधाची गाडी आलीय."