बाबूभाईंचा बक्षीसपात्र व्हिडिओ

घुग्घुसच्या आमच्या कोळसा धुण्याच्या कारखान्यात मी वेल्डर आणि बाबूभाई बेल्ट फिटर. त्यांच्या कामाला कोणी नावं ठेवली नाहीत. पण माणूस पक्का हातचं राखून वागणारा. तुटलेल्या बेल्टला जॉइंट मारायची वेळ आली की हेल्परला चहा आणायला पिटाळायचे, नाहीतर कारखान्यात नसलेला पाना शोधायला. तो परत येईपर्यंत काम उरकलेलं असायचं. त्यांचा मुलगा जिशान आमच्याकडेच शिकाऊ होता, त्यालाही त्यांनी असंच पळवलं. मी एकदा टोकलं.

"लहानूभाऊ," ते म्हणाले, "सप्पा शिकवून देलं तर उद्या मले कोण विचारन?"

ऐकून किळस आली. तरी समजत होतं. आमची कंपनी रिटायर माणसाला गेटवर शाल देते आणि दुसऱ्या दिवशी तोच वॉचमन त्याला आत सोडत नाही.

मग हेड ऑफिसातून ज्ञान व्यवस्थापनाचं खूळ आलं. जाणाऱ्या माणसाचं ज्ञान कंपनीत राहिलं पाहिजे, असे फलक कॅन्टीनमध्ये लागले. प्रत्येक खात्याने व्हिडिओ द्यायचे, ते कंपनीच्या पोर्टलवर चढणार, आणि पुढे काम त्याप्रमाणेच. बाबूभाईंची रिटायरमेंट जवळ आली होती, म्हणून पहिला नंबर त्यांचा. आमच्या साहेबांनी व्हिडिओ पाहिला तो हेल्मेटचा पट्टा लावलाय का आणि कंपनीचं नाव नीट दिसतं का, एवढ्यासाठी. जॉइंट कसा मारला ते कोणी पाहिलंच नाही. व्हिडिओला हेड ऑफिसचं पहिलं बक्षीस मिळालं. साहेबांचा फोटो मोठा, बाबूभाई कोपऱ्यात.

जिशानला तोवर कंपनीच्या कोरपन्याकडच्या दगड फोडायच्या क्रशरवर नोकरी लागली होती. पावसाळ्यात तिथला चढावरचा बेल्ट तुटला. सुपरवायझरने मोबाइलवर बापाचा व्हिडिओ लावून दिला. पोराने अभिमानाने, पाहून पाहून जॉइंट मारला. बेल्ट सुरू झाला, दगड वर चढायला लागला, आणि जॉइंट उघडला. भरलेला बेल्ट मागे घसरला. खाली उभ्या जिशानचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

चौकशी झाली. पद्धत बक्षीसपात्र, म्हणजे बरोबरच. त्यामुळे चूक कामगाराची. असं लिहिताना त्यांना लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

चंद्रपूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबूभाई माझ्यासमोर रडले. रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा पहिला हात पूर्ण सुकू द्यावा लागतो, पावसाळ्यात तर दिव्याची ऊब देऊन. मगच दुसरा हात. व्हिडिओत त्यांनी एकावर एक दोन्ही हात मारून दाखवले होते.

"मुद्दाम?" मी विचारलं.

"कोणाचा जॉइंट टिकला नाई तं मलेच बोलावतीन, असं वाटलं."

मी म्हटलं, चला, आत्ताच साहेबांना सांगा. आम्ही घुग्घुसला गेलोही. मी केबिनबाहेर उभा होतो. बाबूभाई बाहेर आले ते मान खाली घालून, आणि आत काय झालं ते सांगितलं. बक्षीस परत करायची नाचक्की साहेबांना नको होती. व्हिडिओ चुपचाप काढून टाकू, साहेब म्हणाले, चौकशीचं उकरू नका, आणि तुम्हाला रिटायरमेंटनंतर सल्लागार म्हणून ठेवून घेतो. बाबूभाईंनी हो म्हटलं. त्यांना हवं होतं तेच मिळालं, आता सगळे त्यांनाच विचारणार. मला थुंकावंसं वाटलं, साहेबांवर आणि त्यांच्यावरही.

मी तिथून तडक चंद्रपूरला, जिशानच्या वॉर्डात गेलो. बाबूभाई मागोमाग आले. त्यांच्या तोंडावरच मी जिशानला सगळं सांगितलं, पहिला हात, दुसरा हात, सगळं.

पोरगा मग बापाकडे वळला. बाबूभाई पलंगाच्या पायथ्याशी चादर सारखी करत होते.

"काका, माह्या अब्बाले बदनाम काऊन करून राह्यले?" जिशान म्हणाला. "अब्बानं बरोबरच दाखवलं होतं. मलेच जमलं नाई."

मी बाबूभाईंकडे पाहिलं. आता तरी बोलतील म्हणून थांबलो.

"झोप बेटा," ते म्हणाले, "होते चूक कधी कधी."