न लागलेला चटका

इस्त्रीचा चटका मला कळला तो वासावरून. ब्लाउजच्या अस्तरावर इस्त्री फिरवत होते, काहीतरी जळल्याचा वास आला म्हणून कापड उचलून बघितलं. कापड ठीक होतं. माझ्या डाव्या हाताच्या करंगळीखालची कातडी पांढरी पडली होती. दुखत मात्र काहीच नव्हतं.

बेगडेवाडी स्टेशनाजवळ माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. मागच्याच खोलीत मी राहते. लग्न केलं नाही. अम्मी होती तोवर आम्ही दोघी होतो, ती गेल्यावर एकटी. धाकटा भाऊ पिंपरीला असतो.

चटक्याच्या आधी कितीतरी वर्षं डोकं दुखायचं. खोकलं किंवा शिंकलं की मानेच्या वर, मागच्या बाजूला, आतून कुणी मूठ दाबावी तसं व्हायचं आणि मिनिटभरात ओसरायचं. जोरात हसलं तरी तेच. हसलं की दुखतं, हे कुणाला सांगायचं तरी कसं? त्यापेक्षा हसवणाऱ्यांपासून लांब राहणं सोपं होतं. शेजारच्या बायका संध्याकाळी ओट्यावर बसायच्या, तेव्हा मी हातात काम आहे म्हणायचे. लग्नात जेवण झालं की निघायचे. हळूहळू बोलावणंही कमी झालं. अम्मी गेल्यापासून ही अशी झाली, असं लोक समजले, आणि मीही तसं समजू दिलं.

चटका दाखवायला गेले, तिथून मला पुण्याला पाठवलं. एमआरआय झाल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो पुढ्यात ठेवून समजावलं. लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या भोकातून मानेत उतरलाय, याला कियारी म्हणतात. त्यामुळे मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडते. माझ्या मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी झाली होती, आणि म्हणूनच हाताला गरम-गार कळत नव्हतं.

"ऑपरेशन केलं तर हात पहिल्यासारखा होईल?"

"तसं मी सांगणार नाही. डोकेदुखी बऱ्याच जणांची कमी होते. हातातलं जे गेलंय ते येईलच असं नाही. पुढचं जाऊ नये म्हणून ऑपरेशन."

"आणि नाही केलं तर?"

"काहींचं वर्षानुवर्षं तसंच राहतं. पण तुमची पोकळी लांब आहे. वाढेल असं मला वाटतं. मग बोटांची ताकदही जाऊ शकते."

मग त्यांनी धोके सांगितले. जखमेतून पाणी झिरपू शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो, पुन्हा उघडावं लागू शकतं. क्वचित लकवा, त्याहून क्वचित जीवच. सगळं घाई न करता सांगितलं. निघताना त्यांनी विचारलं, "सोबत कोण आलंय?" कुणी नाही, असं मी म्हणाले. "पुढच्या वेळी आणा कुणाला. हे ऐकायला दोघं असलेले बरे."

भावाला फोन केला. "आपा, लगेच करून टाक. मी रजा काढतो," तो म्हणाला. मग वहिनीने फोन घेतला. "मेंदूपाशी हात घालणार ते. काही झालं तर?" एवढं बोलून तिने फोन परत भावाकडे दिला.

पुण्याच्या दवाखान्यातल्या एका नर्सने बेडसे गावच्या एका माणसाचा नंबर त्याला विचारून मला दिला होता. त्याचं हेच ऑपरेशन झालेलं. एका रविवारी कामशेतला उतरून जीपने त्याच्याकडे गेले. पन्नाशीचा शेतकरी, अंगणात बसून शेंगा सोलत होता. त्याने मान वाकवून मागची खूण दाखवली.

"डोकं दुखतं का आता?"

"न्हाई. कितीबी खोकलो तरी न्हाई. पर माझं पाणी झिरपलं. परत उघडलं. पंधरा दिस नुसता पडून व्हतो."

"आणि हात?"

"हात हाय तसाच. विळा धरतो, पर बटण लावता येत न्हाई."

"पुन्हा वेळ आली तर कराल?"

त्याने पुढची शेंग सोलायला घेतली. दारातून त्याची बायको म्हणाली, "ते करतील. मला इचारा की. पंधरा दिस मी तितं खाली फरशीवर झोपले."

"व्हय," तो म्हणाला. "ही व्हती म्हणून निभावलं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुमच्याकडं कोण हाय?"

भाऊ आहे, असं मी सांगितलं. परतीच्या वाटेवर तेच डोक्यात होतं. ऑपरेशनमध्ये हात गेला तर एका दिवसात जाईल, नाही केलं तर माझ्या नकळत जाईल. यातलं काय निवडायचं ते मला कळत होतं. भीती होती ती पडून राहण्याची, आणि कुणाच्या घरात पडून राहायचं याची.

म्हणून पिंपरीला गेले. भाऊ कामावर होता. वहिनी चहा टाकत होती. तिला सरळच विचारलं, "मी अंथरुणाला खिळले तर ठेवून घेशील?"

तिने गॅस बारीक केला. 

"घर केवढं आहे ते तुम्ही बघताय, आपा. माझी चिडचिड होईल. बोलेनही तुम्हाला." मग म्हणाली, "पण ठेवीन."

ती गोड बोलली असती तर माझा विश्वास बसला नसता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना होकार कळवला.

ऑपरेशन झालं. पाणी झिरपलं नाही. मान आठवडाभर लाकडासारखी होती, बाजूला बघायचं तर सगळं अंग वळवावं लागे. दवाखान्यात वहिनी राहिली, आणि खरंच दोनदा बोलली मला. आठव्या दिवशी ठसका लागला. मी डोळे मिटून कळ यायची वाट बघत राहिले. आली नाही. वहिनीला वाटलं मला वेदना होतायत, ती नर्सला बोलवायला धावली.

पुढे भावाकडे राहिले, दीड महिन्याने घरी आले. नंतर एकदा मुद्दाम ओट्यावर जाऊन बसले. बायकांनी सरकून जागा दिली. त्यांच्या बोलण्यातली अर्धी माणसं मला माहीत नव्हती. हसण्यासारखं काहीतरी झालं, त्या हसल्या, मला उशिरा समजलं. त्यानंतर अधूनमधून जाते, पण माझ्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

वर्षभराने काढलेल्या फोटोत पोकळी बारीक झाली होती. डावा हात तसाच आहे. आंघोळीचं पाणी मी उजव्या हाताने बघते, इस्त्रीचं काम बाहेर देते. शिवण चालू आहे, जरा हळू. संध्याकाळी शटर ओढलं की बोलायला कुणी नसतं. ते ऑपरेशनने बदलणार नव्हतंच, आणि डॉक्टरांनी तसं कधी म्हटलंही नव्हतं.