देवीचं मुख धुताना

नवरा देवीच्या साथीत गेला, तेव्हापासून माझे हात देवापुढं जुळले नाहीत. नवस बोलून झाले होते, घरात फोडणी बंद होती, कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालून माझे हात गळून गेले होते. तरी तो गेला. मग सासर-माहेर दोन्हीकडची बोलणी खाऊन मी हैदराबादला नर्सचं काम शिकले आणि निजामाच्या अमलात परभणीकडच्या एका दवाखान्यात लागले. रोग्यांची अंगं पुसायची, कूस बदलून द्यायची, अंथरुणं बदलायची. कुणी देवाधर्माचं काढलंच तर मी तिरसटासारखी म्हणायची, ते मला विचारू नका, घाण कुठं झालीय तेवढं सांगा.

आणि नेमकी देवीच्याच रोग्यांच्या शेडवर माझी नेमणूक झाली. त्या उन्हाळ्यात तिथं एक मेंढपाळांची सून आली. माणसं राणीसावरगावकडची, मेंढरं घेऊन पिंगळीच्या शिवारात उतरलेली. साथ पसरू नये म्हणून तहसिलीच्या माणसांनी तिला बैलगाडीत घालून आणलं होतं. सोबत सासू. पोरीचं तोंड फोडांनी भरलेलं, पापण्या पुवानं चिकटून गेलेल्या. डॉक्टरसाहेबांनी बजावलं की औषधाच्या कोमट पाण्यानं डोळे सारखे धुवा, नाहीतर फूल पडून दोन्ही डोळे जातील.

मी वाटी घेऊन गेले तर सासू आडवी आली. "आंगावर देवी हायती. देवी निघून जाईस्तोवर पाणी न्हाई लावायचं, बाई." तिच्या लेखी खाटेवर सून नव्हतीच. ती सुनेला आई म्हणायची, येता-जाता तिच्या पाया पडायची. मी समजावलं, चिडले, माझ्या नवऱ्याचं सांगितलं. म्हातारी नुसती मान हलवत राहिली. डॉक्टरसाहेब म्हणाले, शिपायाला सांगून तिला बाहेर काढू. पण पोरगीच माझा हात ढकलायची, तोंड फिरवून घ्यायची. तिच्यावर जबरदस्ती कशी करायची? मी सारखी वाटी भरून नेत होते आणि तशीच परत आणत होते.

एका सकाळी सासू दहीभाताचा निवद घेऊन बसली होती. "आई, जेवा," म्हणत घास ओठांशी नेत होती. ओठही खपल्यांनी मिटलेले. घास गळ्यावर ओघळला. म्हातारी ताट खाली ठेवून रडायला लागली, देवी निवद घेईना म्हणाली, आता ही जगत न्हाई. मी वाटी घेऊन शेजारीच उभी होते. मला राग आला होता, रडूही येत होतं. आणि काय बोलायचं हे ठरवायच्या आतच माझ्या तोंडून निघून गेलं, "मुख धुतल्याबिगर देवी निवद कशी घेईल, मावशी?"

म्हातारी रडायची थांबली. देवळात मुख धुतल्याशिवाय निवद दाखवत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. मलाही लहानपणापासून ठाऊक होतं, पण इतके दिवस ते कुठं होतं कोण जाणे. देवीचं मी काही बोलेन, ही गोष्ट माझ्या स्वप्नातही नव्हती. म्हातारीनं उठून माझ्या हातातली वाटी घेतली, कपाळाला लावली आणि धरून उभी राहिली. मी खाली वाकले. "आई, मुख धुते," म्हटलं. ते म्हातारीला ऐकू जावं म्हणून म्हटलं की खाटेवरच्या पोरीसाठी, की आणखी कुणासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही. पोरीनं या वेळी हात ढकलला नाही. पापण्या भिजवत, कापसानं पू टिपत मी किती वेळ बसले होते, सांगता येत नाही. माझेच डोळे इतके वाहत होते की मला नीट दिसेना.

पुढं रोज तसंच चाललं. आधी मुख, मग निवद. एके दिवशी तिचा उजवा डोळा उघडला. सासू तेव्हा तिच्या पायांवर डोकं ठेवून होती. पोरगी तिच्याकडं बघत राहिली आणि घाबरून म्हणाली, "आत्याबाई, माझ्या पाया कामून पडायलाव?"

म्हातारी हसली, रडली, आणि सुनेला पोटाशी धरून बसली. डाव्या डोळ्यात मात्र फूल पडलंच. एक डोळा दिला तर दुसरा का नेला, आणि त्या शब्दांनी वाचवायचंच होतं तर माझ्या नवऱ्याच्या वेळी ते कुणाला सुचले का नाहीत, याचा हिशेब मला आजही लागत नाही. खरं सांगायचं तर हिशेब मांडणंच आता सोडून दिलंय. ते शब्द माझे नव्हते एवढं मात्र माझ्या मनाला पक्कं माहीत आहे, आणि ज्याचे असतील त्याची मी ऋणी आहे.

तेव्हापासून कुणाही रोग्याचं तोंड पुसायच्या आधी माझ्या तोंडून निघतं, आई, पुसू का? मिशीवाला बाप्या असला तरी आईच निघतं. रोगी हसतात. हसू देत. मी थांबते, त्यांनी मान हलवली की मगच हात लावते.