खुल्या तासाची खुर्ची

बाई भित्र्या होत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे कॉलेजात त्यांच्याबद्दल जे काही बोललं गेलं, ते ऐकून कुणाचाही गैरसमज व्हावा. कुरिअरवाल्याने दार जरा जोरात वाजवलं तरी त्यांच्या हातातला मेण कापायचा चाकू खाली पडायचा. फोनवर अनोळखी नंबर दिसला की त्या तो नवऱ्याच्या हातात द्यायच्या. आणि नवरा त्यांच्याहून दोन पावलं पुढचा. फोन वाजून वाजून गप्प होईपर्यंत तो त्याच्याकडे नुसता बघत राहायचा. असा तो संसार, आणि सुखाचा होता.

बाईंचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे. बाई त्यांत प्लास्टर ओतायच्या, गुलाबी मेणाच्या हिरड्या करायच्या आणि चिमट्याने एकेक दात बसवायच्या. दुसऱ्यांच्या तोंडाचं काम करायचं आणि आपलं तोंड बंद ठेवायचं, हा त्यांचा खाक्या. नवरा कॉलेजात, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहायक. दोघं शिकले त्याच कॉलेजात, जमलंही तिथंच. आता त्याची निवृत्ती तोंडावर आली होती आणि उरलेले दिवस बिनबोभाट निघून जावेत, एवढंच दोघांचं मागणं होतं.

त्या कॉलेजात एक जुनी रीत होती. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर खुला तास व्हायचा. कुणाही विद्यार्थ्याने उभं राहावं आणि मनातलं बोलावं. अट एकच, शेजारच्या लाकडी खुर्चीवर कॉलेजचा एखादा माजी विद्यार्थी बसलेला हवा. त्याने भाषण ठोकायचं नाही, बाजू घ्यायची नाही. कुणी मध्ये तोंड घातलं तर एवढंच म्हणायचं, ‘त्याचं होऊ द्या.’ खुर्ची भरलेली असेतो तास चालू, बसणारा उठला की संपला. रीत घालणाऱ्याचा विचार सरळ होता. आत शिकणाऱ्याला नापास करता येतं, बाहेर पडलेल्याचं काय करणार? बाहेर पडलेल्या बाईचा नवरा आत नोकरीला असू शकतो, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यात आलं नसावं.

एका दुपारी हॉस्टेलमधली एक मुलगी बाईंच्या दारात उभी राहिली. आत येऊन प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेकडे बघत तिने सगळं सांगितलं. मुलींच्या हॉस्टेलचं जिन्याचं दार रात्री बाहेरून कुलूप लावून बंद करतात. मागे एकदा वायरिंग जळून जिन्यात धूर झाला, तेव्हा वॉचमनला किल्ली सापडेपर्यंत मुली खिडक्यांतून ओरडत होत्या. ऑफिसात तक्रार केली तर कॉलेजची बदनामी करू नका म्हणाले. आता तिला खुल्या तासाला बोलायचं होतं, पण खुर्चीवर बसायला कुणी मिळत नव्हतं. प्राचार्यांनी माजी विद्यार्थ्यांना एकेक करून फोन केले होते. गप्पांत ज्यांचे कॉलेजचे दिवस कधी संपत नाहीत, त्या सगळ्यांनी काढता पाय घेतला होता. कुणाचा गुडघा दुखत होता, कुणाकडे पाहुणे येणार होते.

“मावशी, तुम्हाला काही बोलायचं नाहीये. नुसतं बसायचंय.”

“अगं, माझे मिस्टर तिथंच कामाला आहेत.”

“माहितेय मला.”

“कुलूप अजून लावतात?”

“हो. आम्ही सगळ्या बूट घालूनच झोपतो आता.”

मुलगी गेल्यावर बाईंचं कामात लक्ष लागेना. विद्यार्थिनी असताना त्याही एकदा त्या पायऱ्यांवर बोलल्या होत्या, मुलींना वर्कशॉपात का घेत नाहीत म्हणून. त्या दिवशी खुर्चीवर एक घड्याळं दुरुस्त करणारा गृहस्थ होता. एक प्राध्यापक मध्येच गरजले, तेव्हा तो म्हणाला, ‘तिचं होऊ द्या.’ बाईंना वाटलं होतं, याला भीती कशी ती ठाऊकच नाही. पुढे वर्कशॉप मुलींना खुलं झालं आणि बाईंच्या हाताला हे कसब लागलं, ते तिथूनच.

संध्याकाळी नवरा आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. “आज प्राचार्यांनी मला थांबवून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.” मग बूट काढता काढता म्हणाला, “तू नाही ना जाणार?”

“छे, मी कशाला जातेय,” बाई म्हणाल्या.

शुक्रवारी त्यांनी एका कवळीचे पुढचे दोन दात उलटसुलट बसवले. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. मग दवाखान्यात पोचवायच्या कवळीचा डबा उचलला आणि बाई निघाल्या. पाय मात्र दवाखान्याकडे वळले नाहीत.

खुर्ची पायरीवर मांडलेली होती. तिचा एक पाय आखूड होता. बाई डबा मांडीवर घेऊन बसल्या आणि त्यांच्या थरथरण्याने तो पाय फरशीवर टकटक वाजू लागला. गर्दी भरपूर होती. वर लॅबच्या खिडकीत नवऱ्याचा पांढरा एप्रन दिसला. बाईंनी मान खाली घातली. मुलगी बोलायला लागली. ती धुरापर्यंत आली आणि प्राचार्य पायऱ्या चढून वर आले.

“पुरे झालं. तास संपला. बाई, उठा.”

आता ते वाक्य म्हणायचं होतं. बाईंनी तोंड उघडलं, पण दातखीळच बसली. प्राचार्य वाकले आणि अगदी मायेने, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, “मिस्टर आमच्याकडेच आहेत ना तुमचे?”

उठायचं बाईंनी ठरवलं, अगदी मनापासून ठरवलं. पण गुडघे त्यांचे राहिलेच नव्हते. खुर्चीच्या हातांवर जोर दिला, तर हातही लुळे. मुलीने वळून पाहिलं, खुर्ची भरलेली होती. म्हणजे तास चालू. तिने पुढे सांगितलं, किल्लीचं, खिडक्यांचं, बूट घालून झोपण्याचं, सगळं. शेवटपर्यंत.

प्राचार्य निघून गेल्यावर मुलींनी बाईंना गराडा घातला. “मावशी, कमाल केलीत! जागच्या हललाही नाहीत!”

“अगं, मला हलताच येईना,” बाई म्हणाल्या. सगळ्या खळखळून हसल्या. बाईंना हसू आलं नाही. त्यांना त्या घड्याळवाल्याची मानेपाशी घामाने चिंब झालेली कॉलर आठवली. इतकी वर्षं ती डोळ्यांपुढे होती आणि त्यांना कधी कळलीच नव्हती.

पुढच्या आठवड्यात मुलींच्या घरून कॉलेजला फोन सुरू झाले. कुलूप मात्र तसंच राहिलं. नवऱ्याला लॅबमधून काढून तळघरातल्या मोडक्या सामानाच्या खोलीत बसवलं. तो बाईंना एका शब्दाने बोलला नाही, आणि त्याचीच बाईंना जास्त भीती वाटली. एकदा जेवताना तो म्हणाला, “ती खुर्ची माझ्या खोलीत आणून टाकलीय. दुरुस्तीसाठी म्हणे. तिथून हलली तर जबाबदारी माझी, असं बजावून गेलेत.”

“राहू दे तिथंच,” बाई घाईघाईने म्हणाल्या.

“हो, राहू दे,” तो म्हणाला.

खुर्ची नाही म्हणजे तास नाही. बाईंना हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. तरी पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी त्या गेल्याच. लांबून बघायचं, रिकामी पायरी दिसली की माघारी फिरायचं, असा बेत होता.

पायरीवर खुर्ची होती.

नीट पुसून ठेवलेली. आखूड पायाखाली कापडाची घडी सरकवलेली होती. बाई जवळ जाऊन वाकल्या. ॲसिडने भोकं पडलेल्या एप्रनचा तुकडा होता तो. त्यावरचं ठिगळ बाईंनी स्वतःच्या हाताने लावलेलं होतं. त्यांनी तळघराच्या खिडकीकडे पाहिलं. काच बंद होती, तिच्यामागे कुणी दिसत नव्हतं. गेली याची नोकरी, बाईंच्या मनात आलं. अजूनही खुर्ची उचलून खाली नेऊन ठेवता आली असती.

मुलगी पायरीवर येऊन उभी राहिली. समोर प्राचार्यांच्या केबिनचं दार उघडलं.

बाई बसल्या. थरथरत होत्याच, पण खुर्ची वाजली नाही. मुलीने पहिला शब्द उच्चारला, अजून कुणी मध्ये बोललंही नव्हतं, आणि बाई मोठ्याने म्हणाल्या, “तिचं होऊ द्या.”