लांबचा कॅम्प आणि सतरावा प्रश्न

गेल्या रविवारी सकाळी चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये वाद झाला... कसला, तर मासे धरायला कुठं जायचं याचा.

माझा मुलगा निखिल इथं सिंगापुरात इंजिनियर आहे. त्याला चार दिवसांची रजा मिळाली आणि त्यानं ठरवलं, बाबांना मलेशियातल्या टेमेंगोर तलावावर न्यायचं. आहे धरणाचंच पाणी, पण नजर पोचत नाही एवढं, आणि चहूबाजूंनी हत्तींचं जंगल... मी नीरेकाठचा माणूस. हा लहान असताना याला शेजारी बसवून मी तासन् तास गळ टाकून बसायचो. ते त्याच्या लक्षात होतं.

त्यानं लॅपटॉपवर दोन कॅम्प दाखवले. एक धक्क्याला लागूनच, एसी खोल्या, फोनला रेंज. दुसरा होडीनं दोन तास आत... पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडी खोल्या, फोन नाही, काही नाही. पण मासे म्हणाल तर तिथंच. तिथला टोमन म्हणजे आपल्या मरळीचा थोरला भाऊ. फोटो बघूनच माझे हात शिवशिवायला लागले.

पण दोन वर्षांपूर्वी मला स्टेंट बसलाय. डॉक्टर म्हणतात, खुशाल फिरा. मी सातवी शिकलेला फिटर... एकदा जोडलेली वस्तू जोडावरच पुन्हा तुटते, एवढंच मला ठाऊक.

मग माझं सुरू झालं. होडी मध्येच बंद पडली तर? छातीत दुखलं तर? जंगलात जळवा असतात, आणि मी रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेतो... जळू चावली आणि रक्त थांबलंच नाही तर? त्यात कालनिर्णय बघितलं तर मधला दिवस नेमका संकष्टीचा. मासे धरायला निघालो आणि उपास!

निखिल ऐकत होता. शेवटी लॅपटॉप मिटून म्हणाला, "बाबा, यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा. दर वेळी हेच होतं."

दर वेळी हेच होतं, हे खरंच आहे. बालीला मी नाही म्हणालो, लंकावीलाही नाही. आता पुढच्या महिन्यात मी पुण्याला परत जाणार. त्याला पुन्हा रजा कधी मिळेल आणि तेव्हा मी असा असेन का, कोण जाणे... मला जायचं होतं हो. पण तोंडातून निघत होते ते प्रश्नच.

सूनबाई सईनं तोडगा काढला. म्हणाली, सगळे प्रश्न कागदावर लिहा, मी इंग्रजी करून दोन्ही कॅम्पना पाठवते. मी बसून सोळा प्रश्न लिहिले. नात अवनीनं कागद बघितला आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, जस्ट गो लाह." निखिल मात्र मीच पाठवतो म्हणत कागद घेऊन आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. मला वाटलं, रागावलाय.

बुधवारी संध्याकाळी उत्तरं आली. जवळच्या कॅम्पनं सोळाही प्रश्नांना मिळून एकच ओळ पाठवली होती... अंकल, नो प्रॉब्लेम, सगळं होईल. पुढं अंगठ्याचं चित्र.

लांबचा कॅम्प एक मलय नवरा-बायको चालवतात. त्या बाईनं मात्र एकेक आकडा घालून उत्तर दिलं होतं. सई मराठीत सांगत होती. होड्या दोन आहेत, एक जुनी आहे. जळवा आहेत, लांब मोजे आणा. साबुदाणा तुम्ही आणा, चूल आमची. चंद्र दिसतो, ढग नसले तर... दवाखाना होडी आणि गाडी मिळून तीन तास. अंधारात होडी निघणार नाही, कारण पाण्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे उभे आहेत, उजाडेपर्यंत थांबावं लागेल. हे आधीच सांगितलेलं बरं, असंही तिनं लिहिलं होतं.

ते तीन तास मी बोटांवर मोजून बघितले. पण गंमत बघा, त्या अंगठ्यापेक्षा याच बाईवर माझा विश्वास बसत होता.

मग सई वाचता वाचता थांबली. म्हणाली, बाबा, इथं सतरावंही उत्तर आहे. "कमोड आहे. होडीतून वर यायच्या पायऱ्यांना एका बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला माझा नवरा उभा राहील."

हे मी विचारलंच नव्हतं... विचारणारही नव्हतो. गुडघे गेल्यापासून मला खाली बसता येत नाही. प्रवासाला नाही म्हणण्यामागं सगळ्यात मोठी भीती तीच होती, आणि ती मी कधीच कुणाला सांगितली नव्हती. सुनेसमोर कसं सांगणार?

मी निखिलकडे बघितलं. तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता. तसाच, मान वर न करता म्हणाला, "गावाला गेलं की तुम्ही दिवसभर पाणी पीत नाही, बाबा. मला कळतं."

मग मी म्हणालो, "लांबचाच घे."

त्यानं लगेच बुकिंग केलं. शुक्रवारी निघतोय. माझी धडधड काही थांबलेली नाही, आज सकाळपासून गोळ्यांची पिशवी तीनदा तपासून झाली... पण या वेळी नाही म्हणालो नाही, याचंच मला बरं वाटतंय.

इतकी वर्षं मला वाटायचं, मुलाची काळजी फक्त आपण करतो. तोही गुपचूप माझ्यावर लक्ष ठेवून होता... त्याला हे तोंडावर सांगायला मला जमायचं नाही, म्हणून इथं ग्रुपवर लिहिलं. तो वाचतो इथलं.