रविवारचं घर

मेतकुटाचा वास आला की ठाण्यातला तो रविवार आठवतो. मी कॉलेजात शिकत होतो आणि वार लावून रोज एकेका घरी जेवत होतो. रविवार तळ्याकाठच्या काकूंकडे असे. त्या दिवशी वकिलांकडे मुंजीचं जेवण होतं, म्हणून काकूंना ताप आल्याचा खोटा निरोप धाडला. जिलब्या हाणून, विडा चघळत खोलीवर परतलो, तर काकू भर उन्हात अनवाणी दाराशी उभ्या, पदराखाली मेतकूट-भाताची वाटी. माझ्या लाल ओठांकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "उतरला ना रे ताप? बरं झालं." पुढच्या रविवारी माझा पाट मांडलेलाच होता. आज माझ्याकडेही विद्यार्थी वाराने जेवतात. कुणाच्या आजारपणाचा निरोप आला, की मी गड्याच्या हाती भात पाठवतो. स्वतः जात नाही.